मामा, मी आणि जपानची फाटकं

निघण्याआधी

मामा जपानला आले आणि तिसऱ्याच पहाटे गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले सापडले. मांडीवर वही, मनगटावर जुनं एचएमटी, डोळे खालच्या फाटकावर. कावासाकीतल्या आमच्या घराच्या गॅलरीतून नाम्बू लाइनचं एक छोटं फाटक दिसतं. घर बघायला गेलो तेव्हा एजंटने त्याबद्दल दोनदा माफी मागितली होती, आवाजाचा त्रास होतो म्हणून. मी त्याच फाटकामुळे घर घेतलं, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.

मला फाटकांचा नाद आहे. इथे फाटकाला ‘फुमिकिरी’ म्हणतात आणि या नादाची माणसंही बरीच आहेत. कोणी फक्त घंटेचे आवाज रेकॉर्ड करतं, कोणी दिव्यांचे प्रकार गोळा करतं, कोणी नावाच्या पाट्यांचे फोटो. इथल्या प्रत्येक फाटकाला स्वतःचं नाव किंवा नंबर असतो. मी आवाजवाला. दर्यापूरला लहानपणी शकुंतला या आमच्याकडच्या छोट्या गाडीची शिट्टी ऐकून मोठा झालो, म्हणून असेल.

मामांचा मात्र हा नाद नव्हे, धंदाच. मूर्तिजापूरकडच्या एका फाटकावर त्यांनी एकतीस वर्षं गेटमनची ड्यूटी केली. वहीत त्यांनी रेघा मारून रकाने पाडले होते: फाटक, घंटी, दांडा खाली, गाडी, दांडा वर, शेरा. तीन दिवसांत चार पानं भरली होती.

“बाबू, हे लावते कोण?”

“कोणी नाही मामा. गाडी ठरावीक ठिकाणी आली की रुळातच कळतं. घंटी आपोआप सुरू होते.”

“आन् स्टेशन मास्तरले नंबर कोण देते?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मामांच्या फाटकावर हँडल फिरवायचा मॅग्नेटो फोन होता. गाडी सोडण्याआधी मास्तर फोन करणार, मामा हँडल मारून दांडे पाडणार, कुलूप लावणार आणि कागदावरच्या यादीतला पुढचा प्रायव्हेट नंबर सांगणार. दोन आकडी. तो मास्तर आपल्या रजिस्टरात लिहिणार, मामा आपल्या. मग यादीतला तो आकडा खोडायचा. ‘फाटक लागलं’ हे शब्द कोणीही बोलू शकतो, नंबर फक्त गेटमनच देऊ शकतो, अशी ती गंमत. मामांच्या मते इथे सगळं होतं, फक्त नंबर नव्हता, म्हणून जबाबदारीही कोणाची नव्हती.

मला पाच दिवसांची सुट्टी मिळत होती. मामींनी विचारलं होतं, भाच्याकडे जाऊन काय काय पाहणार? फुजी पर्वत, मंदिरं, ती गोळीसारखी गाडी? मामांनी आणि मी मिळून यादी केली. तिच्यात फुजी नव्हता.

शनिवार

सान्गेन्जाया ते शिमोताकाइदो अशी सेतागाया लाइन आहे. पाच किलोमीटर, दहा स्टेशनं, दोन डब्यांच्या रंगीबेरंगी गाड्या. घरांच्या परसांमधून ती अशी जाते की खिडकीतून कोणाची वाळत घातलेली चादर ओढता येईल. आम्ही वाकाबायाशीला उतरलो, कारण तिथे ही लाइन कान्नाना या टोकियोच्या सातव्या वर्तुळमार्गाला छेदते. रस्ता रुंद, रहदारी अखंड. फाटक म्हणावं तर तिथे ना दांडा, ना घंटी. फक्त रस्त्याचे सिग्नल.

मामा घड्याळ हातात घेऊन उभे राहिले. हिरव्या रंगाची गाडी आली, रस्त्याच्या कडेला येऊन थांबली. समोरून ट्रक, टॅक्सी, सायकलवाले वाहत राहिले. मग मोटारींना लाल पडला आणि गाडी गुपचूप पलीकडे गेली.

“रेल्वेनं रस्त्याले वाट देल्ली?” मामांनी मला विचारलं, जणू हे मीच घडवून आणलं होतं.

“हो. इथे असंच आहे.”

“हे काई बरोबर नाई.”

त्यांनी तीन गाड्या पाहिल्या. दोन थांबल्या, एकीला थेट मोकळं मिळालं. मी म्हटलं, मामा, आपली शकुंतलाही थांबायचीच की. मूर्तिजापूर-अचलपूर आणि मूर्तिजापूर-यवतमाळ अशा दोन्ही बाजूंच्या त्या नॅरोगेजला पुष्कळ ठिकाणी गेटमनच नव्हता. फाटकाच्या अलीकडे गाडी उभी राहायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा उभी राहायची, तो फाटक उघडून पळत येऊन चढायचा. आम्ही पोरं तेवढ्यात उतरून बोरं वेचून यायचो.

“ते येगळं,” मामा म्हणाले. “शकुंतला थांबे, पन फाटक लावाले थांबे. मोटारीले वाट द्याले नाई. आन् आमच्या मेन लाइनवर फाटकाचा सिग्नल लाल असला तर डायवर दिवसा एक मिनिट थांबे, राती दोन. मंग हळूहळू फाटकापर्यंत ये आन् माहा हात पाहे. तेबी माह्यासाठी थांबे. ट्रकसाठी नाई.”

खांबावर ‘जी’ अक्षराची पिवळी गोल पाटी असलेल्या सिग्नलचा हा नियम मला वाचून माहीत होता. ड्रायव्हर कोणासाठी थांबतो, असा विचार मी कधी केला नव्हता. पुढचे चार दिवस आम्ही प्रत्येक फाटकावर हाच हिशोब मांडत बसलो.

दुपारी त्याच गाडीने शिमोताकाइदोला पोचलो. तिथे सेतागाया लाइन संपते आणि केइओ लाइन भेटते. दोन्हींच्या रुळांची रुंदी 1372 मिलिमीटर, जगात फारशी कुठे न सापडणारी. टोकियोत घोडे ट्राम ओढत होते तेव्हापासूनचं ते माप. मामांनी रुळावर नजर टाकली आणि म्हणाले, “मीटरगेजपेक्षा जास्त, ब्रॉडगेजपेक्षा कमी.” मोजपट्टी लागली नाही.

स्टेशनाला लागूनच केइओचं फाटक आहे, आणि ते ‘आकाझु नो फुमिकिरी’ या जातीचं. म्हणजे न उघडणारं फाटक. गर्दीच्या वेळी तासाभरात चाळीस मिनिटं किंवा त्याहून जास्त बंद राहतं त्याला सरकारदरबारी हे नाव आहे. शनिवार दुपार म्हणजे तशी निवांत वेळ, तरी दांडा पडला की गाडीची दिशा दाखवणारा डावीकडचा बाण, मग उजवीकडचा, मग दोन्ही. एक गाडी गेली की लोक पुढे सरकतात, बाण अजून पेटलेला दिसला की मागे. चार गाड्या गेल्यावर दांडा वर झाला आणि सगळे एकदम सुटले. सायकलवरच्या आजी, पाठीवर बास्केटबॉल घेतलेली पोरं, कुत्र्याला बाबागाडीत बसवलेली बाई. निम्मे पोचतात न पोचतात तोच पुन्हा घंटेचं कान-कान-कान-कान.

सासाझुका ते सेन्गावा या टप्प्यात केइओ लाइन उंचावर न्यायचं काम चालू आहे. ते झालं की एकदम 25 फाटकं जातील. जवळच्या शिमोकिताझावाचं असंच कुप्रसिद्ध फाटक मार्च 2013 मध्ये एका रात्रीत गेलं, गाड्या जमिनीखाली गेल्या. 1961 साली देशात सुमारे 71 हजार फाटकं होती, आता 33 हजारांच्या आसपास. नवीन फाटक बांधायला तर जवळजवळ बंदीच आहे. नादिष्ट माणसाने काय करावं? आनंदही होतो आणि फोन काढून रेकॉर्डिंगही सुरू होतं.

“इथं गेटमन नव्हताच का कधी?” मामांनी विचारलं.

होते. शेवटपर्यंत टिकलेल्या काहींपैकी एक टोकियोच्या उत्तरेला ताकेनोत्सुका नावाच्या स्टेशनाजवळ होता. तिथलं फाटक 2005 पर्यंत माणूस चालवत होता. गाड्या इतक्या, की दांडा सतत खाली. थांबलेले लोक चिडायचे, आणि दोन गाड्यांमध्ये जरा फट मिळाली की दांडा वर करायची तिथे सवय पडली होती. 15 मार्च 2005 ला असाच दांडा वर गेला, आणि गाडी येत होती. दोघी गेल्या, आणखी दोन माणसं जखमी झाली. पुढे ते फाटक स्वयंचलित झालं आणि 2022 मध्ये तिथली लाइनच उंचावर गेली.

हे सांगताना मी मामांकडे पाहत नव्हतो. पाहायला हवं होतं. त्यांनी वही मिटून खिशात घातली होती.

“लोक हॉर्न मारतात ना बाबू,” बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “ते कानात नाई, इथं लागते.” छातीवर हात. “बजाराचा दिवस असे. दोनशे मानूस उभं. ‘उघड ना बे, गाडी कुठं दिसून राह्यली?’ एक जन त दांड्याखालून वाकून माह्या खोलीत आला, माही गचांडी धरली. म्या त्याले नंबर दाखवला. ह्यो देल्ला, आता गाडी गेल्याबिगर उघडत नाई म्हनलं, तू मले मार. मारलं त्यानं.”

“मग?”

“मंग काय. गाडी गेली, मंग उघडलं.”

कोपऱ्यावरच्या यंत्रातून थंड कॉफीचे दोन डबे घेतले. मामांना ती कडू लागली. तरी प्याले.

रविवार

जूनचा दुसरा आठवडा, पावसाळी आभाळ. फुजिसावा ते कामाकुरा अशी दहा किलोमीटरची एनोदेन ही गाडी, 1902 पासूनची. आमच्यासारख्यांची पंढरीच म्हणा, फक्त आषाढीला येतात तशी गर्दी रोजच असते.

कोशिगोए आणि एनोशिमाच्या मधल्या टप्प्यात एनोदेन सरळ रस्त्यावरून चालते. दुकानांच्या दारासमोरून, मोटारींच्या रांगेतून. फाटकबिटक काही नाही, मोटारी आपापल्या बाजूला होतात. मामांनी शेरा लिहिला: ‘सगळे थांबतात.’

मग कामाकुराकोकोमाए. शाळेसमोरचं एक नंबरचं फाटक. उतारावरून खाली येणारा रस्ता, मध्ये एकेरी रूळ, पलीकडे हमरस्ता आणि त्यापलीकडे थेट समुद्र. एका गाजलेल्या अ‍ॅनिमे मालिकेत हे दृश्य आहे आणि तेव्हापासून आशियाभरातून लोक इथे येतात. आम्ही पोचलो तेव्हा तीनेकशे माणसं तरी असतील, सगळ्यांचे फोन एकाच दिशेला. पिवळ्या जाकिटातले सुरक्षारक्षक कर्णा घेऊन चार भाषांत ओरडत होते: रस्त्यात उभे राहू नका.

“हे पाय गेटमन,” मामा खूश होऊन म्हणाले. “म्हंजे हायत.”

एका रक्षकाशी त्यांनी मराठीत बोलायला सुरुवात केली. मी दुभाष्या. रक्षक साठीचे, मामांच्याच वयाच्या जवळचे. मामांनी विचारलं, ड्यूटी किती तास, खोली आहे का, पाणी कुठून आणता. खोली नाही हे कळल्यावर मामांनी हळहळ व्यक्त केली. त्यांच्याकडे निदान गेट लॉज होती, बाहेर एक कडुलिंब होता, आणि मामींनी लावलेली वांगी होती.

गाडी आली. घंटी, दांडा, हिरवी-पिवळट एनोदेन, मागे राखाडी समुद्र. तीनशे फोन वर झाले. गाडीचं तोंड दांड्यापाशी येताच क्लिकक्लिकाट झाला आणि मागचा डबा अर्धाही जायच्या आत सगळे फोन खाली, लोक वळून निघालेसुद्धा. एकटे मामा गाडी गेली त्या दिशेला तोंड करून ताठ उभे होते.

“काय पाहता?”

“एल. व्ही.”

शेवटच्या डब्याच्या पाठीवरची ती खूण. गाडी फाटकावरून जाताना गेटमनने उभं राहून पाहायचं असतं: एक्सल तापलाय का, काही लोंबतंय का, कुठे धूर आहे का. आणि शेवटच्या डब्यावरची खूण दिसली की समजायचं गाडी तुटलेली नाही, अख्खी आली. खूण दिसली नाही तर मागे काही डबे रुळावर सुटलेले असू शकतात. लोकांना गाडी येताना दिसते, गेटमनला ती जाताना पाहावी लागते. तीनशे माणसांत शेवटचा डबा पाहणारे मामाच.

जेवायला हासे स्टेशनापर्यंत गेलो. मामा रविवारी मासे खात नाहीत आणि या किनाऱ्यावर शिरासू नावाच्या इवल्या माशांच्या भाताशिवाय दुकानं बोलत नाहीत. कोन्बिनीतून, म्हणजे इथल्या किरकोळ दुकानातून, उमेबोशीची ओनिगिरी घेतली, खारवलेलं आंबट फळ घातलेला भाताचा गोळा. मामांनी एक घास खाऊन निकाल दिला, “लोणच्याचा भात हाय. आपल्याकडे याचे पैसे घेत नाईत.” मामींचा चिवडा पिशवीत होताच.

हासेजवळ गोर्यो देवळाच्या तोरीपुढूनच, म्हणजे कमानीपुढूनच, रूळ जातात. देव, मग पायऱ्या, मग घंटी-दांडा, मग भक्त. कडेला निळे-जांभळे अजिसाइ, म्हणजे हायड्रेंजिया, फुललेले. इथे मला हवं ते निवांतपण मिळालं आणि मामांना यंत्र जवळून पाहता आलं.

ते यंत्र म्हणजे खांबाच्या बुडाशी एक लोखंडी पेटी. आत मोटर आणि गिअर, बाहेर दांडा आणि त्याच्या मागच्या टोकाला वजन. “हे त आपल्यासारखंच,” मामा वजनाला हात न लावता हात लावल्यासारखं करत म्हणाले. दांडा पूर्वी चक्क बांबूचा असायचा, आता फायबरचा, पिवळाकाळा. खांबावर फुली, फुलीखाली दोन लाल दिवे आळीपाळीने लुकलुकणारे. जुने दिवे टोपीवाले, समोरूनच दिसतात. नवे गोल डब्यासारखे, कोणत्याही बाजूने दिसणारे. मामांनी वेळ मोजला. घंटी सुरू झाल्यापासून दांडा पूर्ण पडेपर्यंत आणि तिथून गाडी येईपर्यंत. इथलं ठरीव माप साधारण पंधरा आणि वीस सेकंदांचं.

“पस्तीस सेकंद! आमी दहा दहा मिनिटं आधी लावो. म्हून शिव्या खाल्ल्या.”

खांबाला छातीच्या उंचीवर एक लाल बटण होतं. मी सांगितलं, रुळावर गाडी अडकली किंवा कोणी पडलं की हे दाबायचं. मग रुळाकडेला पंचकोनी लाल दिव्यांची पाटी चमकायला लागते आणि ड्रायव्हर ब्रेक मारतो. मोटार दांड्यांच्या आत अडकली तर मागेपुढे न पाहता दांड्याला ढकलून बाहेर पडायचं, दांडा वाकतो, हे इथे गाडी शिकतानाच घोकून घेतात.

मामा बटणाकडे बराच वेळ पाहत राहिले.

“माह्याजवळ दहा फटाके होते,” ते म्हणाले. “रुळावर बांधाचे. चाक गेलं का धडाम. ट्रॅक्टर अडकलं त लाल झेंडी घेऊन पळाचं. सहाशे मीटरवर एक फटाका, बाराशे मीटरवर तीन, दहा दहा मीटरच्या अंतरानं. मंग दुसऱ्या बाजूनं गाडी येत असन त तिकडे पळाचं. एकदा पळालो. पन्नाशी उलटली होती.” थोडं थांबून, “दाबून पाहू का?”

“मामा!”

“दाबत नाई बे. इचारलं.”

सोमवार

टोकाइदो शिंकान्सेनच्या, म्हणजे त्या गोळीसारख्या गाडीच्या, मार्गावर फाटक लागत नाही, म्हणून मामा क्योतोपर्यंत झोपले. फुजी डावीकडे की उजवीकडे हे विचारायला हवं होतं, तेही राहिलं.

नारात आठव्या शतकातल्या राजधानीचं मोठं मोकळं मैदान आहे, हेइजो राजवाड्याची जागा. दक्षिणेला सुझाकुमोन हा प्रचंड दरवाजा, 1998 मध्ये पुन्हा उभारलेला. उत्तरेला मुख्य दरबाराची इमारत दाइगोकुदेन, 2010 मध्ये पूर्ण झालेली. आणि दोन्हींच्या मधून, राजवाड्याच्या पोटातून, किन्तेत्सुची नारा लाइन. 1914 पासून. दरवाज्यातून आत शिरायचं, राजाच्या मार्गाने सरळ चालायचं, आणि मध्येच कान-कान-कान. दरबाराला जाणाऱ्याने आधी ओसाकाहून येणारी गाडी जाऊ द्यायची.

मला हे फाटक फार आवडतं. चहूकडे गवत, काही अडवणारं नाही, आणि माणसं आज्ञाधारकपणे दांड्यापाशी उभी. रूळ इथून हलवावेत अशी चर्चा होत असते, म्हणून आवाज दोनदा रेकॉर्ड करून ठेवला. मामांना दरवाजाच जास्त आवडला. त्यांनी त्याच्या बिजागऱ्या पाहिल्या आणि एवढं दार रोज लावायला किती माणसं लागत असतील यावर हॉटेल येईपर्यंत बोलत होते.

मंगळवार

ओकायामाला शिंकान्सेन सोडली आणि शिओकाझे नावाची एक्स्प्रेस धरली. समुद्रावरचा सेतो पूल, 1988 चा, खाली बेटं आणि होड्या. मामा खिडकीला नाक लावून. “फाटक नाई, तरी चांगलं हाय,” ही त्यांनी दिलेली सर्वांत मोठी दाद.

मात्सुयामाला आलो ते ओतेमाचीसाठी. एवढ्या लांब फक्त एका चौकासाठी जाणं म्हणजे वेड, हे मान्य. पण चौक तसाच आहे. इयो रेल्वेची ताकाहामा लाइन, दुहेरी, आणि शहराची ट्राम, तीही दुहेरी, एकमेकींना काटकोनात छेदतात. रूळ रुळांना छेदतात तिथे जमिनीत हिऱ्याच्या आकाराच्या चार चौकटी, आमच्या भाषेत हिरे. ताकाहामाची गाडी येते तेव्हा घंटी वाजते, दांडे पडतात, आणि दांड्यापाशी रांगेत कोण उभं राहतं? टॅक्सी, सायकल, आजोबा आणि ट्राम. ट्रामदेखील सायकलवाल्यासारखी निमूट उभी. ट्रेनसाठी फाटकावर ट्राम थांबते असं जपानात हे एकच ठिकाण उरलंय.

तिथल्या पदपथावर आम्ही पावणेदोन तास होतो. ट्रेन हिऱ्यांवरून जाते तेव्हा चाकं रुळांच्या फटींवर आपटतात: धडड-धड, धडड-धड. ट्रामचा आवाज वेगळा, हलका, टकटक. घंटी आणि हे दोन आवाज एका रेकॉर्डिंगमध्ये हवे होते. चौथ्या प्रयत्नात मिळाले. त्याआधीच्या तिन्हींत मामा बोलतायत. एकात स्पष्ट ऐकू येतं, “नागपूरले हायच ना असं.”

आहेच. नागपूरला हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई या लाइनी अशाच एकमेकींना छेदतात, लहानपणी तो हिरा दाखवायला मामांनीच नेलं होतं. पण तिथे ट्रेन ट्रेनसाठी थांबते, फाटकावर नव्हे. बारीक फरक आहे, पण आम्हा लोकांना बारीक फरकांवरच जगायचं असतं.

संध्याकाळी शहरातून एक ठेंगणी, काळी, खेळण्यासारखी गाडी गेली. जुन्या वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती, आत डिझेल. मी मामांना सांगितलं, इयो रेल्वे 1888 ला सुरू झाली तेव्हा जर्मनीहून आणलेली अशी इंजिनं धावायची, आणि रूळ होते 762 मिलिमीटरचे.

मामा थांबले. “अडीच फूट?”

“अडीच फूट.”

“म्हंजे शकुंतलाच.”

शकुंतलेचं माप तेच. बार्शी लाइट रेल्वेचंही तेच. शकुंतलेला मॅंचेस्टरमध्ये 1921 ला बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत ओढत होतं, मग डिझेल आलं, आणि आता तर गाडीच बंद पडून बरीच वर्षं झाली. दर्यापूरला रस्त्यात रूळ अजून दिसतात. मोटारी त्यांवरून न थांबता जातात. इयो रेल्वेने रूळ रुंद केले, वीज आणली, आणि त्याच मार्गावर गाडी पळतेय. मामांनी त्या खेळण्याच्या गाडीच्या धुराकडे पाहिलं. खोटा धूर, वाफेचा देखावा. “धूर सोडते त कायले,” एवढंच म्हणाले, पण फोटो काढायला लावला. मामींना पाठवायला.

बुधवार

शेवटचा दिवस. मात्सुयामाहून समुद्राच्या कडेने जाणारी जुनी योसान लाइन. बहुतेक वेळा एकच डिझेल डबा, ड्रायव्हर हाच कंडक्टर. शिमोनादा या स्टेशनावर समुद्र पाहायला लोक उतरतात. आम्हीही उतरलो, पण फलाटाकडे पाठ करून रस्त्याने मागे चालत निघालो.

मला एक चौथ्या वर्गाचं फाटक मामांना दाखवायचं होतं. इथे फाटकांची वर्गवारी अशी: पहिला वर्ग म्हणजे दांडा आणि घंटी दोन्ही, तिसरा म्हणजे नुसती घंटी, चौथा म्हणजे काहीच नाही. दुसरा वर्ग आता शिल्लक नाही. देशातली दहापैकी नऊ फाटकं पहिल्या वर्गातली, त्यामुळे चौथा शोधावा लागतो. आपल्याकडे ब्रॉडगेजवरची बिनमाणसाची फाटकं जानेवारी 2019 पर्यंत संपवली, ही बातमी मामांनी तेव्हा मला फोन करून वाचून दाखवली होती. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती त्यांना.

संत्र्यांच्या बागेतून उतरणारी पायवाट, दीड माणूस जाईल एवढी. रुळांवर चार फळ्या. एक पिवळीकाळी फुली आणि एक पाटी: थांब, पाहा. नेमकं कुठे ते सांगत नाही, बागवाल्या आजोबांना गर्दीचा त्रास नको.

मामांनी जागेची पाहणी केली. डावीकडे वळण, उजवीकडे झाडी. “इथून गाडी दिसत नाई. शिट्टीच ऐकावी लागन.” वहीत रकाने भरले: घंटी नाही, दांडा नाही. मग वही माझ्याकडे दिली, शर्ट खोचला आणि रुळापासून अंतर राखून उभे राहिले. मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. वाऱ्याचा आवाज, एक घार, खाली लाटा. बारा मिनिटं काही नाही.

मग वळणामागून शिट्टी. रूळ आधी वाजले, मग तो एकटा डबा आला. ड्रायव्हरने आम्हाला पाहून पुन्हा शिट्टी दिली, जरा रागाची वाटली. मामांचा उजवा हात वर गेला, हिरवी झेंडी धरल्यासारखा, आणि डबा जाईपर्यंत तसाच राहिला. ते चाकांकडे पाहत होते. डबा पुढे गेला तसे ते वळले आणि त्याच्या पाठीकडे पाहत राहिले, झाडीआड जाईपर्यंत.

“एकच डबा,” मी म्हटलं. “त्याचं काय पाहायचं?”

“पैला बी तोच, शेवटचा बी तोच. पाहावं त लागते.”

वही मागून घेतली. घड्याळ पाहिलं, वेळ टाकली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: गाडी पूर्ण गेली.

पुढची गाडी यायला दोन तास होते. चिवडा संपला होता, म्हणून बागवाल्या आजोबांनी दिलेली आंबट संत्री सोलत बसलो.